जुन्या नकाशावरचे विमान

पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या घरांतून जुन्या ट्रंकांची वानवा नसते. त्यांत खरेदीखते असतात, कुंडल्या असतात, कोणाची तरी मोडी दफ्तरे असतात. नेपानगरच्या आमच्या तात्यांच्या ट्रंकेत मात्र एक विमान निघाले. प्रत्यक्ष विमान नव्हे. अमोनिया प्रिंटच्या जांभळट कागदावर काढलेला त्याचा पूर्ण आकाराचा नकाशा. खाली उजव्या हाताला 'ज्युनियर सिक्स्टी' हे नाव आणि १९५९ हे साल.

तात्या, म्हणजे माझे चुलते, नेपा मिलच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीस होते. वृत्तपत्राचा कागद तयार करणारा भारतातील हा पहिला कारखाना. १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. मुंबईहून तेथे आलेल्या एका सहकाऱ्याजवळ इंग्लंडच्या कीलक्राफ्ट कंपनीच्या संचातील नकाशा होता. दोन रात्रींपुरता तो मागून आणून तात्यांनी ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. विमान मात्र बांधले गेले नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्याजोगी आहेत. बाल्साचे लाकूड दक्षिण अमेरिकेतील एक्वाडोरहून येई. इंजिन आणि रेडिओ-यंत्रणा परदेशी असल्याने आयातीचे परवाने लागत. आणि बिनतारी उपकरण नुसते बाळगावयाचे तरी १९३३ च्या कायद्यान्वये सरकारी अनुज्ञप्ती हवी. कारकुनी पगाराच्या तरुणाने हे सारे कोठून जमवावे? नकाशा घडी घालून ट्रंकेत गेला, आणि संसार सुरू झाला.

ज्युनियर सिक्स्टी हे विमान १९४६ साली आल्बर्ट हॅटफुल यांनी आखले. पंखांचा विस्तार ६० इंच, म्हणजे पाच फूट. त्यावरूनच हे नाव. मूळचे ते रेडिओचे विमान नव्हे. त्या काळी या छंदाचा मुख्य प्रकार 'फ्री फ्लाइट', म्हणजे स्वैर उड्डाणाचा होता. टाकीत मोजके इंधन घालून विमान हातातून सोडावयाचे. इंजिन थांबले की ते स्वतःच घिरट्या घालीत उतरावे. त्याला सावरणारा कोणी नसल्यामुळे सावरण्याची सारी जबाबदारी आखणी करणाऱ्यावर असे. समोरून पाहिले असता पंख इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे वर उचललेले दिसतात, त्याचे रहस्य हेच. विमान एका बाजूस कलले की ते त्या बाजूला घसरू लागते, घसरताना खालच्या पंखाला हवा अधिक तिरपी लागते, तो अधिक उचलला जातो आणि विमान पुन्हा समतोल होते. पुढे रेडिओ आला तेव्हा हीच जुनी, स्वतःला सावरणारी विमाने सर्वांत उपयोगी ठरली. मागचे सुकाणू किंचित वळविले तरी हे वर उचललेले पंख विमानाला आपोआप कलवितात. पंखांना वेगळ्या हलत्या पट्ट्या लागत नाहीत.

रेडिओवर विमान उडविण्याची कल्पना पुष्कळ जुनी. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी नियंत्रणाची लहान नौका चालवून दाखविली होती. ब्रिटनमध्ये १९३५ साली टायगर मॉथ जातीच्या विमानापासून 'क्वीन बी' हे चालकविरहित विमान तयार झाले. त्याचा उपयोग तोफखान्याच्या नेमबाजीचे लक्ष्य म्हणून करीत. हौशी मंडळींत मोठे नाव वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांचे. १९३७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात त्यांनी 'गफ' नावाचे आठ फुटी पंखांचे विमान रेडिओवर उडविले; ते आता स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हॉलिवूडचे नट रेजिनाल्ड डेनी यांचीही हकीकत गमतीची आहे. छोट्या विमानांच्या छंदातून त्यांनी 'रेडिओप्लेन' नावाची कंपनी उभारली आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याला हजारो लक्ष्य-विमाने पुरविली. तिच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका तरुणीचे छायाचित्र लष्करी छायाचित्रकाराने काढले आणि तिचे नशीब पालटले. तीच पुढे मेरिलिन मन्रो झाली.

आरंभीची यंत्रणा आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटणार नाही. उडविणाऱ्याच्या हाती एकच बटण असे. विमानात पीळ दिलेल्या रबरी पट्टीवर फिरणारे एक चक्र. बटण दाबले की ते पाव फेरा फिरून सुकाणू उजवीकडे जाई, सोडले की मध्ये येई, पुन्हा दाबले की डावीकडे. मधला पर्याय नाही, थोडेसे वळणे नाही. आपण शेवटी कोणीकडे वळविले होते हे ध्यानात राहिले नाही की विमान नेमके उलट दिशेस जात असे. बोटाच्या हालचालीच्या प्रमाणात सुकाणू वळणारी यंत्रणा सर्रास मिळू लागली ती १९६० नंतरच्या दशकात.

आपल्या देशात हा छंद जिवंत ठेवला तो मुख्यतः नॅशनल कॅडेट कोअरच्या वायुदल शाखेने. कॅडेटांना विमानांच्या प्रतिकृती बनविण्याचे आणि उडविण्याचे शिक्षण तेथे मिळते, स्पर्धाही होतात. पुण्यात सदानंद काळे यांनी शाळकरी मुलांपुढे रेडिओच्या विमानांची प्रात्यक्षिके करून कित्येकांना या नादी लावले. आणि छंदाची परिणती कोठवर जाते, याचे उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मुंबईत कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर त्यांनी खरेखुरे सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडले गेले आणि २०२० मध्ये आमच्या शेजारच्या धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली.

विमाने आणि मराठी माणूस म्हटले की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर 'मरुत्सखा' उडविल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला भक्कम समकालीन आधार मिळालेला नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. 'वैमानिक शास्त्र' म्हणून ज्या पोथीचा दाखला दिला जातो, तिच्यातील आकृत्या १९२३ साली बंगळूरात काढलेल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्या तपासल्या आणि त्यांतील विमाने उडणे शक्य नाही असा निर्वाळा दिला. याने तळपद्यांच्या जिज्ञासेला कमीपणा येतो असे मला वाटत नाही. परंतु जुना नकाशा पूज्य की अपूज्य हे त्याच्या वयावरून ठरवू नये. बांधून उडवून पाहावे. ज्युनियर सिक्स्टीची परीक्षा जगभरच्या हौशी लोकांनी अशीच केली आहे. अमेरिकेत तर जुन्या आखणीची विमाने बांधणाऱ्यांची संस्थाच आहे. ती १९४२ अखेरपर्यंतच्या आखणीला 'ओल्ड टाइमर' आणि १९३८ अखेरपर्यंतच्या आखणीला 'अँटिक' म्हणते. त्या हिशेबाने आमचे विमान पुरेसे म्हातारेही नाही.

तात्या आज सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. माझे थोरले बंधू धूलकोटला शिक्षक. सातपुड्याच्या कुशीतले हे गाव. भोवती कापसाची शेते, मोकळे माळ आणि पलीकडे सागाचे जंगल. २०२३ च्या दिवाळीत सारे तेथे जमलो असता ट्रंकेतला नकाशा बाहेर आला. बंधूंची मुलगी बारावीत आहे, हात कुशल आणि स्वभाव हट्टी. तिने विचारले, "तात्याआजोबा, हे उडेल?" तात्या म्हणाले, "ट्रेसिंग बरोबर असेल तर उडेल." खरी मेख नेमकी येथे होती. तात्यांच्या डोळ्यांची मधली दृष्टी हळूहळू जात आहे. डॉक्टरांनी फार आशा दाखविलेली नाही. वर्षभराने विमान तयार झाले तर ते त्यांना दिसेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

पहिले काम नकाशा मोजण्याचे. अमोनिया प्रिंटचा कागद साठ-पासष्ट वर्षांत आखडतो, आणि तोही उभा-आडवा सारखा आखडत नाही. अर्धा पंख तीस इंच भरावयास हवा, तो पाऊण टक्का कमी भरला. लांबीत हे चालून जाते. परंतु पंखाच्या फासळ्या आणि त्यांच्या खाचा यांत तेवढ्या फरकाने पट्टी बसत नाही. म्हणून एक फासळी काळजीपूर्वक पुन्हा आखून तिचे प्लायवूडचे दोन साचे केले, त्या दोहोंमध्ये बाल्साचे तुकडे चळतीने दाबून बसविले आणि एकदम घासले. असे केले की सर्व फासळ्या एकसारख्या होतात. जुने कारागीर हेच करीत.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. नकाशाचा एक कोपरा फाटलेला, आणि गुरुत्वमध्याची खूण नेमकी त्या कोपऱ्यात. विमान कोठे धरले असता समतोल राहावे हे न कळता ते उडविणे म्हणजे वल्ह्यावाचून नाव लोटणे होय. मूळ नकाशाच्या प्रती आज घरबसल्या मागविता येतात. तशी सूचना मी केलीही. तात्यांनी ती मानली नाही. "कोपरा फाटला असेल तर मोजून काढ," एवढेच ते मुलीला म्हणाले. मला तो हेका वाटला. आता तसे वाटत नाही.

जुन्या विमानांत ही खूण अंदाजाने ठरविणे धोक्याचे, कारण त्यांची शेपटी पुष्कळदा स्वतःही थोडी उचल देते; त्यामुळे त्यांचा गुरुत्वमध्य आजच्या विमानांपेक्षा मागे असतो. मुलीने पातळ थर्मोकोलचे एक पंचमांश आकाराचे, बारा इंची पंखांचे विमान कापले आणि नाकाला मातीची गोळी लावून ते घराच्या व्हरांड्यातून सोडू लागली. नाक जड झाले की ते फेकलेल्या सुरीसारखे खाली जाई. शेपूट जड झाली की नाक वर उचलून थबके आणि मग कोसळे. गोळी कणाकणाने कमी-जास्त करीत तिसऱ्या दिवशी ते अंगणाच्या टोकापर्यंत सरळ तरंगत गेले. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या चार दशांशांवर आला. तात्यांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला.

बांधणीचे वर्णन करीत बसलो तर अंक पुरणार नाही. टेबलावर नकाशा, त्यावर मेणकापड, त्यावर टाचण्यांनी धरलेल्या बाल्साच्या काड्या. एक बाजू वाळली की तिच्यावरच दुसरी बांधावयाची, म्हणजे दोन्ही सारख्या होतात. बाल्सा हा आपल्या सावरीच्या कुळातला वृक्ष. लाकूड सागाच्या एक चतुर्थांश वजनाचे. नाकाशी, चाकांच्या तारेशी आणि पंखाच्या सांध्याशी प्लायवूड. आवरणाविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. बुऱ्हाणपूर हे मागांचे गाव, तेव्हा तेथलीच मलमल लावावी असा माझा आग्रह होता. मुलीने एक हातभर तुकडा चौकटीवर ताणून, डोपचे तीन हात देऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. सुताने इतका डोप प्याला होता की माझा स्वदेशी बेत तेथेच संपला. शेवटी पातळ रेशमी अस्तर वापरले. डोप म्हणजे सेल्युलोजचे लॅकर; वाळताना ते आकसते आणि कापड ढोलकीच्या कातड्यासारखे ताणले जाते.

मूळ विमानाला लहानसे 'डिझेल' इंजिन बसवीत. नाव डिझेल, परंतु त्याचे इंधन ईथर, एरंडेल आणि रॉकेल यांचे मिश्रण. तो वास एकदा घेतलेला मनुष्य जन्मभर विसरत नाही असे म्हणतात. आम्ही विजेची मोटर लावली: अकरा इंची पंखा आणि लिथियमची बॅटरी. इंजिनापेक्षा मोटर हलकी, म्हणून बॅटरी शक्य तितकी पुढे ढकलावी लागली. सर्व मिळून वजन १ किलो ४०० ग्रॅम आणि खर्च सुमारे चौदा हजार रुपये. या बॅटऱ्यांबाबत घरोघरच्या मंडळींना सावध करतो: भरताना त्या एकट्या सोडून जाऊ नये आणि गादीवर वा पडद्याजवळ ठेवू नयेत; बिघडल्या तर भडका उडतो. फिरता पंखा बोट कापतो, हे वेगळे सांगावयास नको.

परवान्याची बाब तात्यांच्या काळापेक्षा आज पुष्कळ सोपी आहे. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे वापरण्यास २००५ पासून वेगळी अनुज्ञप्ती लागत नाही, आणि आजची बहुतेक यंत्रणा त्याच पट्ट्यात चालते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण वा करमणुकीसाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. दोन किलोपर्यंत बिगर-व्यापारी उड्डाणास वैमानिकाचे प्रमाणपत्रही नको. मात्र जागा हिरव्या विभागात आहे की नाही ते आधी पाहावे, आणि तेथेही १२० मीटरच्या वर जाऊ नये. विमानतळ, छावण्या यांच्या आसपास हा उद्योग करू नये हे उघड आहे. विजेच्या तारा तर नियमाला विचारीत नाहीत.

२०२४ च्या फेब्रुवारीत, कापूस निघून गेल्यावर, धूलकोटबाहेरच्या माळावर आम्ही गेलो. सकाळी सातचा सुमार, वारा नव्हता. प्रक्षेपकाची शक्ती कमी करून तीस पावलांवरून सुकाणू हलते ना, ते पाहिले. प्रक्षेपक बंद केल्यावर मोटर आपोआप थांबते ना, तेही पाहिले. गवतावरून दोन-तीन वेळा मोटरविना हातातून सोडले. मुलीच्या मोजमापात काडीचा फरक निघाला नाही. मोटर लावल्यावर मात्र पहिल्याच उड्डाणात नाक फारच वर उचलले, कारण मूळ इंजिनापेक्षा आमची मोटर जोरकस होती. उतरवून मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंमागे वॉशर घातले, म्हणजे मोटरचे तोंड जरा खाली वळते. दुसऱ्या खेपेस विमान असे शांतपणे चढले की माळावर जमलेली बारेला मुलेही बोलायची थांबली.

तिसरे उड्डाण साडेदहाला केले. ऊन तापले होते. काळी जमीन गवताळ माळापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा बुडबुड्यासारखी सुटून वर चढते. घारी पंख न हलविता घिरट्या घालतात त्या याच हवेवर. ज्युनियर सिक्स्टी हे मोठ्या पंखांचे, हलके विमान. त्यालाही ही हवा उचलते. मोटर बंद केली तरी ते खाली येईना. वाऱ्याची झुळूक जंगलाकडे होती, आणि विमान तिच्याबरोबर वाहत हळूहळू लहान होत चालले. स्वैर उड्डाणाच्या काळात कित्येक विमाने अशीच कायमची निघून जात. म्हणून ठरावीक वेळाने जळती वात दोरा तोडून शेपटी वर उचलील आणि विमान खाली आणील, अशी योजना करीत. आमच्या विमानात ती नव्हती.

मुलीने नाक खाली केले. वेग वाढला आणि पंख थरथरू लागले. तात्या खुर्चीवर बसले होते. इतक्या उंचीवरचे विमान त्यांना दिसत नव्हते. "नाक कोणीकडे आहे?" त्यांनी विचारले. "जंगलाकडे, तात्याआजोबा." "पंख वाजतात का?" "हो." "मग नाक सोड. खाली ढकलू नकोस. सुकाणू पूर्ण एका बाजूला धर आणि वर्तुळात येऊ दे. दोन फेरे झाले की सोड, आणि वाऱ्यावर तोंड करून माझ्याकडे आण." ते रेडिओचे विमान आयुष्यात कधी उडविलेले नव्हते, हे सारे त्यांनी १९५९ पासून मनात किती वेळा केले असेल ते त्यांनाच ठाऊक. मुलीने तसेच केले. दोन वर्तुळांत विमान निम्म्या उंचीवर आले, चढत्या हवेतून बाहेर पडले आणि वाऱ्याला तोंड देत, अगदी सावकाश, आमच्याकडे येऊ लागले. माळ काही गाठता आला नाही. शेजारच्या शेतातल्या वाळक्या पऱ्हाट्यांत ते उतरले. डाव्या पंखाचे रेशीम वीतभर फाटले आणि दोन फासळ्या मोडल्या.

त्यापूर्वी ते आमच्या डोक्यावरून पंधरा-वीस फुटांवरून गेले होते. तात्यांना तेव्हा दिसले. "पाठीमागची कड जाड वाटते," ते म्हणाले. ती खरोखरच नकाशापेक्षा दीड मिलिमीटर जाड होती.

फासळ्या चार दिवसांत बदलल्या. त्यानंतर विमान अनेकदा उडाले. साडेनऊनंतर मात्र नाही. मुलीने आता नकाशाचे नवे ट्रेसिंग सुरू केले आहे. त्यात आखडलेली मापे सुधारली आहेत आणि फाटलेल्या कोपऱ्यात गुरुत्वमध्याची खूण घातली आहे. अक्षरे कशी काढावीत यावरून तिचा आणि तात्यांचा वाद चालू आहे. तात्यांचे म्हणणे, अक्षरे तिरपी हवीत. तिचे म्हणणे, उभीच चांगली दिसतात.